आधी पाटी, मग वही
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाविषयी लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. "तुझे विषय मराठी आणि इतिहास. हे यंत्राचे लचांड तुझ्या मागे कोणी लावले?" असे संपादक मंडळातल्या एका मित्राने मला विचारलेही. त्याला उत्तर द्यायचे तर प्रथम एक चूक कबूल केली पाहिजे. ती चूक माझीच आहे आणि हा सारा लेख तिच्यातूनच निघाला आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात. आई सातवीपर्यंत शिकली. पण अक्षर वळणदार आणि हिशेब चोख, म्हणून आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटाची ती सचिव आहे. मी अकरावीत असताना वडिलांनी नऊ हजार रुपये मोजून एक जुना संगणक घेतला. गटाचे हिशेब मी आईच्या वहीवरून त्यात उतरवले. कोणी किती हप्ता भरला, कोणाकडे किती कर्ज, व्याज किती, सारे बेरजेसकट दिसू लागले. आईला याचे इतके कौतुक वाटले, की पुढे आठ महिने तिने वहीत लिहिणेच सोडून दिले. "आता कंप्युटरात आहे ना!" असे ती बायकांना सांगायची.

संगणक मात्र फार मंद होता. बटण दाबून चहा टाकला, तर चहा पिऊन होईपर्यंत पडद्यावर काही उमटत नसे. 'हलकी सिस्टिम टाका, जुना संगणक पळू लागेल' असे कुठेतरी पाहिले आणि एका दुपारी मी तो उद्योग आरंभला. मधेच पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला. तो नीट न वाचता मी 'होय' म्हटले. अर्ध्या तासात संगणक खरोखरच पळू लागला; पण त्यात आमचे काहीही उरले नव्हते. आठ महिन्यांचे हिशेब पुसले गेले होते.

नंतरचे तीन आठवडे आई आणि मी बारा घरी जाऊन पासबुके मागत होतो, आठवेल तसे हप्ते जुळवत होतो. दोन ठिकाणी रकमांवरून शब्दाला शब्द लागला. आईने मला एका शब्दानेही टाकून बोलले नाही. फक्त एका रात्री वही मिटताना म्हणाली, "अगं, आधी पाटीवर गिरवावं, मग वहीत उतरवावं. तू एकदम वहीतच लिहायला बसलीस."

माझा धीर इतका खचला होता, की एका दुरुस्तीवाल्याला पैसे देऊन मी जुनीच सिस्टिम पुन्हा बसवून घेतली. पण आईचे वाक्य डोक्यातून जाईना. संगणकाला पाटी असते का? लिहावे, चुकावे, पुसावे आणि वहीला डाग लागू नये, अशी काही सोय त्यात असेल का? कॉलेजात आल्यावर समजले, की अशी सोय आहे आणि ती फुकट मिळते. तिचे नाव व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र. या यंत्रात एक हलकी ऑपरेटिंग सिस्टिम कशी बसवायची, ते जसे मला उमगले तसे पुढे सांगते.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कोण?

आपल्या कॉलेजच्या कार्यालयातले हेडक्लार्क आठवा. कोणता वर्ग कोणत्या खोलीत भरेल, प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे जाईल, एकाच खोलीवर दोघांनी हक्क सांगितला तर काय करायचे, हे सारे त्यांच्या हातात असते. ते स्वतः शिकवीत नाहीत. पण ते रजेवर गेले, की कोणालाच नीट शिकवता येत नाही. संगणकातही असेच असते. पत्र टंकणारा प्रोग्राम, गाणी वाजवणारा प्रोग्राम, हिशेबाचा प्रोग्राम, हे सारे एकाच वेळी मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर मागत असतात. त्यांना ते वाटून देणारी, भांडण होऊ न देणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम.

आता हेडक्लार्कचे कार्यालयच इमारतीतल्या निम्म्या खोल्या अडवून बसले तर? जुन्या संगणकाचे तेच होते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवणीची जागा लागते. आमच्या संगणकाची एकूण मेमरीच ४ जीबी. त्यात असलेल्या विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे नवे पेलवत नाही आणि जुन्याला वाली नाही. अशी अवस्था आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या संगणकाची असणार.

हलकी म्हणजे किती हलकी?

लिनस टोरवाल्ड्स हा फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी. १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. हा गाभा कोणीही घ्यावा, त्याभोवती आपल्या गरजेप्रमाणे व्यवस्था बांधावी आणि वाटावी, अशी मुभा असल्याने लिनक्सच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या. त्यांतली मी निवडली ती अल्पाइन लिनक्स. नतानाएल कोपा यांनी ती २००५ च्या सुमारास सुरू केली.

अल्पाइनची एक आवृत्ती खास आभासी यंत्रांसाठी केलेली आहे. तिची फाइल साधारण ६५ एमबीची असते. आपण मोबाइलवर सिनेमाचा एखादा तुकडा पाहतो, त्यालाही याहून जास्त डेटा लागतो. डिस्कवर बसवल्यावर ती अगदी कमीत कमी सुमारे १३० एमबी जागा घेते. एवढीशी जागा पुरते, याची दोन कारणे सांगता येतील.

पहिले कारण बिझीबॉक्स. फाइलींची यादी दाखवणे, फाइल पुसणे, नक्कल करणे, यंत्र बंद करणे, अशा प्रत्येक कामाला इतर ठिकाणी वेगळा प्रोग्राम असतो. बिझीबॉक्समध्ये हे सारे एकाच लहानशा प्रोग्रामात कोंबले आहे. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५-९६ च्या सुमारास तो लिहिला, तेव्हा एकाच फ्लॉपी डिस्कवर काम चालू करण्यापुरती पूर्ण व्यवस्था मावावी, असा हेतू होता. फ्लॉपीची क्षमता दीड एमबीसुद्धा नव्हती! अडचणीत सापडलेला माणूस काटकसर शिकतो, हे यंत्रांच्या जगातही खरे आहे. दुसरे कारण मसल नावाचे ग्रंथालय. येथे ग्रंथालय म्हणजे सर्व प्रोग्रामांना वारंवार लागणाऱ्या कामांचा सामाईक साठा. बहुतेक लिनक्स आवृत्त्या यासाठी मोठा, जुना साठा वापरतात. अल्पाइन २०१४ पासून हा आटोपशीर साठा वापरते.

यंत्राच्या पोटात यंत्र

आता पाटीकडे वळू. आभासी यंत्र म्हणजे खऱ्या संगणकात चालणारा असा एक प्रोग्राम, की जो आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला 'मीच तुझा संगणक' असे पटवून देतो. तिला मेमरी दाखवतो, डिस्क दाखवतो, पडदा आणि कळफलक दाखवतो. खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आतल्या सिस्टिमला पाहुणा. या पाहुण्याला आपण पाहुणा आहोत याची सहसा दादही नसते. त्याला जी डिस्क दिसते, ती यजमानाच्या दृष्टीने केवळ एक फाइल असते, आपल्या पत्राच्या किंवा फोटोच्या फाइलीसारखीच. पाहुण्याने 'सारी डिस्क पुसली' असे म्हटले, तरी प्रत्यक्षात त्या एका फाइलीच्या आतलाच मजकूर पुसला जातो. शेजारच्या फोल्डरातल्या बचत गटाच्या हिशेबाला धक्का लागत नाही. पाटी हीच.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती प्रत्यक्षात आणली. त्या काळी एक संगणक खोली व्यापत असे आणि त्याची किंमत सामान्य माणसाच्या कल्पनेबाहेरची असे. तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांना काम करता यावे, आणि प्रत्येकाला वाटावे, की सारे यंत्र आपल्या एकट्याचेच आहे, असा हा खटाटोप होता. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ती ग्राहकांपुढे आणली. म्हणजे ही कल्पना माझ्या आईहूनही वयाने वडील आहे! यंत्र महाग आणि माणसे अनेक, या अडचणीतून तिचा जन्म झाला, हे मला फार जवळचे वाटते.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी चांगल्या आभासी यंत्राच्या तीन अटी मांडल्या. पाहुण्याचा प्रोग्राम खऱ्या यंत्रावर जसा चालेल तसाच येथेही चालावा. यंत्राच्या साधनसामग्रीवर अखेरचा ताबा यजमानाच्या व्यवस्थापकाचा असावा. आणि बहुतेक काम प्रोसेसरनेच सरळ करावे, प्रत्येक आज्ञेत व्यवस्थापकाने लुडबुड करू नये. हा व्यवस्थापक म्हणजे हायपरव्हायजर. पाहुण्याची साधी बेरीज-वजाबाकी तो थेट प्रोसेसरकडे जाऊ देतो. पण साऱ्या यंत्रावर परिणाम करणारी एखादी आज्ञा आली, की ती मधेच अडवतो आणि पाहुण्याच्या मर्यादेपुरतीच पार पाडतो. वैयक्तिक संगणकाच्या प्रोसेसरमध्ये या अडवणुकीची खास सोय पूर्वी नव्हती. इंटेलने ती २००५ साली आणि एएमडीने २००६ साली आणली.

मी वापरला तो हायपरव्हायजर व्हर्च्युअलबॉक्स. तो मुळात जर्मनीतील इनोटेक या कंपनीचा. २००७ साली त्याची मुक्त आवृत्ती निघाली, २००८ साली ही कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि २०१० साली सनच ओरॅकलकडे गेली. मालक बदलत गेले, तरी मूळ प्रोग्राम विनामूल्य मिळतो.

प्रत्यक्ष कृती

पहिली पायरी म्हणजे दोन फाइली उतरवून घेणे: एक व्हर्च्युअलबॉक्सची आणि दुसरी अल्पाइनची. अल्पाइनची फाइल आयएसओ प्रकारची असते, म्हणजे जणू सीडीचीच हुबेहूब प्रत. फाइल उतरल्यावर ती शाबूत आहे का, हे पाहावे. मूळ ठिकाणी तिच्याबरोबर ६४ अक्षर-अंकांची एक ओळ दिलेली असते. तिला फाइलीच्या अंगठ्याचा ठसा म्हणता येईल. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने आपल्या फाइलीचा ठसा काढता येतो. दोन्ही जुळले तर फाइल तीच. एक बिट जरी बदलला, तरी सारा ठसा पालटतो. माझी पहिली फाइल रेंज गेल्यामुळे अर्धवट उतरली होती, हे मला या ठशामुळेच कळले.

दुसरी पायरी म्हणजे यंत्र 'बांधणे'. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'न्यू' म्हटले, की तो नाव विचारतो. मी 'पाटी' हे नाव रोमन अक्षरांत दिले. आयएसओ फाइल दाखवली, प्रकार लिनक्स, ६४ बिटांचा. मेमरी ५१२ एमबी, प्रोसेसर एक, डिस्क ४ जीबी. येथे एक गंमत ध्यानात ठेवावी. डिस्क ४ जीबीची सांगितली, तरी ती फाइल लगेच तेवढी होत नाही. पाहुणा जसजसे लिहील तसतशी वाढते. बचत गटाच्या कर्जमर्यादेसारखे हे आहे: मर्यादा मोठी, उचल गरजेपुरती. मेमरीचे मात्र तसे नाही. पाहुण्याला दिलेली मेमरी तो जागा असेपर्यंत यजमानाला तुटते. ४ जीबीच्या संगणकात पाहुण्याला ३ जीबी दिले, तर यजमान उपाशी मरेल आणि दोघेही बंद पडतील.

'स्टार्ट' म्हटल्यावर मला प्रथम लाल अक्षरांत तक्रारच दिसली: प्रोसेसरमधली ती खास सोय बंद आहे. आपल्या प्रयोगशाळेतल्या सहायकांनी तोड सांगितली. संगणक सुरू होतानाच ठरावीक कळ दाबून बायॉसच्या यादीत जायचे आणि व्हर्च्युअलायझेशनचा खटका चालू करायचा. अनेक संगणकांत तो कारखान्यातूनच बंद येतो. तो चालू केला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे धावू लागली. काही क्षणांत ती थांबली आणि 'लॉगिन' हा एकच शब्द उरला. चित्र नाही, बटण नाही, बाण नाही. नाट्यगृहात पडदा वर जावा आणि रंगमंच रिकामाच दिसावा, तसे मला झाले.

तेथे 'रूट' असे टंकायचे. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. आरंभी त्याला परवलीचा शब्द नसतो. मग 'सेटअप-अल्पाइन' ही आज्ञा रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत, मधल्या आडव्या रेघेसह द्यायची. त्यानंतर यंत्र एकेक प्रश्न विचारू लागते आणि आपण उत्तरे देत जायचे. कॉलेजात प्रवेश घेताना मी खिडकीपुढे उभी राहून अर्ज भरला होता, त्याचीच मला आठवण झाली. तेव्हाही निम्म्या रकान्यांचा अर्थ ठाऊक नव्हता आणि विचारायला घरात कोणी नव्हते. म्हणून हे रकाने येथे उलगडून सांगते.

कळफलक कोणता? 'यूएस' सांगावे, आपल्याकडचे बहुतेक कळफलक त्याच मांडणीचे असतात. यंत्राचे नाव काय? हवे ते. जाळ्याशी कसे जोडू? कंसात सुचवलेली उत्तरे मान्य करावीत. व्हर्च्युअलबॉक्स पाहुण्याला एक खाजगी पत्ता देतो आणि बाहेरचा पत्रव्यवहार यजमानाच्या नावाने करतो. मग परवलीचा शब्द. येथे मी दहा मिनिटे अडकले. कळा दाबते आहे आणि पडद्यावर एक टिंबसुद्धा उमटत नाही. कळफलक बिघडला असे वाटले. पण ती रीतच आहे: मागे उभ्या असलेल्याला शब्दाची लांबीही कळू नये, म्हणून काहीच दाखवायचे नाही. न दिसणारा शब्द दोनदा टंकायचा आणि पुढे जायचे. वेळेचा विभाग 'एशिया' आणि मग 'कोलकाता', कारण भारताची प्रमाणवेळ तेथे त्या नावाने नोंदली आहे. प्रॉक्सी नको. घड्याळ जुळवणारी सेवा सुचवलेलीच घ्यावी. प्रोग्राम कोणत्या ठिकाणाहून मागवायचे, त्याच्या यादीतला पहिला क्रमांक चालतो. स्वतःसाठी रूटखेरीज एक साधा वापरकर्ता जरूर करावा. सर्वाधिकाराच्या खुर्चीत बसून रोजची कामे करू नयेत, हे यंत्रातही खरे. दूरवरून प्रवेश देणाऱ्या सेवेची मला गरज नव्हती, म्हणून तीही नाकारली.

तो प्रश्न

आणि मग तो प्रश्न येतो: कोणती डिस्क वापरू? कंसात सुचवलेले उत्तर असते 'नन', म्हणजे कोणतीच नाही. मागचे सगळे प्रश्न एंटर दाबून सुटले होते, त्या सवयीने मी येथेही एंटर दाबले. सारे सुरळीत चालले; पण यंत्र बंद करून पुन्हा उघडले, तर नाव नाही, परवलीचा शब्द नाही, वापरकर्ता नाही. डिस्क न निवडल्यामुळे अल्पाइन केवळ मेमरीत चालली होती, आणि मेमरी वीज गेली की विसरते. अर्थात नुकसान काय झाले? पंधरा मिनिटे. पाटी पुसली, पुन्हा गिरवायला घेतले.

दुसऱ्या खेपेला मी तो पडदा शांतपणे वाचला. उपलब्ध डिस्क 'एसडीए', आकार ४.३ जीबी, आणि पुढे 'व्हीबॉक्स हार्डडिस्क' असे नाव. मी तर ४ जीबी सांगितले होते! विचार केल्यावर उलगडले: व्हर्च्युअलबॉक्स १०२४ च्या पटीत मोजतो आणि अल्पाइन १००० च्या पटीत, म्हणून तीच डिस्क एकाला ४ आणि दुसऱ्याला ४.३ दिसते. पण खरे महत्त्वाचे होते ते नाव. 'व्हीबॉक्स' म्हणजे ही व्हर्च्युअलबॉक्सने केलेली खोटी डिस्क आहे, याची लेखी ग्वाहीच. दोन वर्षांपूर्वी त्या दुपारी माझ्यापुढे जो पडदा आला, त्यावरही डिस्कचे नाव आणि आकार लिहिलेला असणारच. मी तो वाचला नव्हता, एवढेच.

'एसडीए' असे उत्तर दिले. कशासाठी वापरू, याला उत्तर 'सिस', म्हणजे पूर्ण सिस्टिम डिस्कवर बसव. आणि अखेर इशारा: ही डिस्क पुसली जाईल, पुढे जाऊ का? कंसात 'एन', म्हणजे नाही. यंत्र आपण होऊन 'नाही' सुचवते. 'होय' माणसाने विचार करून म्हणायचे असते. खोटी डिस्क आहे हे पुरते ठाऊक असूनही माझा हात थरथरला. मग मी 'वाय' दाबले.

काही मिनिटांतच 'काम पूर्ण झाले, यंत्र पुन्हा सुरू करा' असा निरोप आला. त्याआधी व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतून आयएसओ फाइल काढून घ्यावी, नाहीतर यंत्र पुन्हा सीडीवरूनच उठते आणि काही बसवलेच नाही असा भास होतो. हेही मी अनुभवानेच सांगते. यानंतर 'फ्री' ही आज्ञा दिली. साऱ्या सिस्टिमने वापरलेली मेमरी शंभर एमबीच्याही आत होती. मोठ्या वाड्यातून निघून एका खोलीत संसार मांडलेल्या, पण सारे जागच्या जागी असलेल्या घरासारखी ही सिस्टिम मला वाटली.

मुद्दाम मोडून पाहिले

पाटीचा खरा उपयोग यापुढेच आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉटची सोय असते. यंत्राची आताची स्थिती गोठवून ठेवायची. त्यानंतर जे लिहिले जाईल ते वेगळ्या फाइलीत जाते. परत यावेसे वाटले, की ती वेगळी फाइल टाकून द्यायची. मी यंत्र बंद असताना स्नॅपशॉट घेतला, यंत्र उघडले, रूट म्हणून आत गेले आणि बिझीबॉक्सची फाइल मुद्दाम पुसली.

पडदा तसाच होता. मग फाइलींची यादी मागितली: 'सापडत नाही'. फाइल वाचायला सांगितली: 'सापडत नाही'. यंत्र बंद कर म्हटले, तर तेही 'सापडत नाही'. सर्व आज्ञा त्या एकाच प्रोग्रामाच्या खांद्यावर उभ्या होत्या. तो गेला आणि सारे कोसळले. हलकेपणाची ही किंमत मला कोणत्याही पुस्तकाने इतकी स्पष्ट सांगितली नसती. व्हर्च्युअलबॉक्सकडून यंत्राची वीज तोडली, स्नॅपशॉट परत आणला, आणि मिनिटाभरात पाटी पूर्ववत झाली. त्या दिवशी मी एकटीच मोठ्याने हसले. चूक झाली आणि कोणाच्या घरी पासबुक मागायला जावे लागले नाही, असे प्रथमच घडत होते.

पाटीच्या मर्यादा

पाटीलाही मर्यादा आहेत, त्या लपवणे बरे नाही. स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तो यजमानाच्याच डिस्कवर असतो. ती डिस्क गेली तर यजमान, पाहुणा आणि स्नॅपशॉट एकदमच जातील. यजमानाचा एखादा फोल्डर आपण पाहुण्याला वापरायला उघडून दिला असेल, तर त्यातले मात्र पाहुणा खरोखर पुसू शकतो. आणि पाहुण्याचा वेग यजमानाहून कमीच असणार, म्हणून मंद संगणक आभासी यंत्राने वेगवान होत नाही. येथे सराव होतो. मूळ दुखण्यावर औषध वेगळे.

आणखी एक गोष्ट मला लागली. त्या काळ्या पडद्यावर मी आमच्या गटाचे नाव मराठीत असलेली फाइल उघडली, तर अक्षरांऐवजी नुसत्या खुणा दिसल्या. लिनक्सच्या या साध्या पडद्याला एका वेळी फार तर ५१२ अक्षरचिन्हे ठाऊक असू शकतात, आणि जोडाक्षरे, वेलांट्या, काने-मात्रा जुळवून दाखवण्याची विद्या त्याच्याजवळ नाही. यासाठी मी दुसरे आभासी यंत्र केले: अल्पाइनची मोठी, 'स्टँडर्ड' आवृत्ती, अधिक मेमरी, 'सेटअप-डेस्कटॉप' या आज्ञेने बसवलेला एक्सएफसीई हा सचित्र पडदा, आणि देवनागरीचा नोटो हा टंक. मग 'बचत' आणि 'व्याज' हे शब्द नीट उमटले. हलकेपणात आपली भाषा बसत नसेल, तर थोडे वजन वाढलेले चालेल, असे मी त्या दिवशी ठरवले.

मित्रमैत्रिणींनो, हा लेख वाचून प्रत्येकाने लिनक्स बसवावे, असा माझा आग्रह नाही. मला एवढेच म्हणायचे आहे: ज्यांच्या घरी दोन संगणक असतात, चुकलो तर निस्तरणारे कोणी जाणते असते, त्यांना चूक परवडते आणि म्हणून ते लवकर शिकतात. आमच्यासारख्यांच्या घरी एकच यंत्र, तेही उसनवार करून घेतलेले. म्हणून आम्ही एकतर हात लावीत नाही, किंवा लावतो तो एकदम वहीलाच. चुकण्याची जागा ही चैन नसून शिकण्याचे साधन आहे. गुरुजनांना नम्र विनंती, की आपल्या प्रयोगशाळेतल्या संगणकांत असे एकेक आभासी यंत्र असावे आणि ते कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही मोकळेपणाने मोडू द्यावे. ते पुन्हा उभे करायला एक मिनिट लागते.

गेल्या सुट्टीत मी अखेर घरच्या संगणकापुढे बसले. गटाचे हिशेब दोन पेनड्राइव्हवर घेतले होते, दोन्ही दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिले होते, आणि आईची वही पुन्हा सुरू होऊन वर्ष लोटले होते. आई शेजारी येऊन बसली. पडद्यावर तोच प्रश्न आला. पण आता डिस्कच्या नावात 'व्हीबॉक्स' नव्हते आणि आकार होता ५००.१ जीबी. ही खरी.

"पाटीवर किती वेळा झालं?" आईने विचारले.

"अकरा वेळा. त्यात चारदा चुकलं."

"मग आता लिही वहीत."

मी नाव आणि आकार पुन्हा एकदा वाचून आईला मोठ्याने सांगितला आणि 'वाय' दाबले. गटाचे हिशेब आता त्या संगणकावर आहेत. आईची वहीही चालू आहे.